बसा म्हटलं की मुलं उठतात

१९६८ साली अमेरिकेतल्या पहिलीच्या एका वर्गात संशोधक दोनच गोष्टी मोजत बसले होते. बाई ‘खाली बसा’ किती वेळा म्हणतात, आणि त्याच वेळात किती मुलं जागा सोडून उभी असतात. काही दिवस असं मोजून झाल्यावर त्यांनी बाईंना विनंती केली की आता हे वाक्य नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळा म्हणा. बाईंनी म्हटलं. उभ्या राहणाऱ्या मुलांची संख्या वाढली. मग सांगितलं, पुन्हा पहिल्याइतकंच म्हणा. संख्या उतरली. शेवटी उलटाच उपाय केला. उठलेल्यांकडे बघायचंच नाही, बसून काम करणाऱ्यांचं मात्र आवर्जून कौतुक करायचं. तेव्हा वर्ग सगळ्यात जास्त वेळ बसलेला सापडला.

बाईंना हे स्वतःहून कधीच कळलं नसतं, आणि यातली खरी मौज तीच आहे. कारण ‘खाली बसा’ म्हटलं की मुलं खरोखरच बसत होती. लगेच. म्हणजे दर वेळी बाईंच्या हाती रोख पुरावा पडत होता की सांगितल्याचा उपयोग होतो. दोन मिनिटांनी दुसरं कोणी उठायचं ते बाईंचं लक्ष आपल्याकडे वळावं म्हणून, हे त्या घाईत कोण जोडणार? हिशेब वहीवर मांडला तेव्हाच दिसलं की आग विझवणारा हातच लाकडं सरकवत होता.

आपल्याकडे हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या फुकट चालू आहे. बाई ऑफिसात जातात, मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो, पुन्हा बोलला तर नावापुढे गुणिले दोन, गुणिले तीन. थोड्याच वेळात गुणिले सातवाला वर्गाचा हिरो झालेला असतो आणि ज्यांचं नाव एकदाही आलं नाही ती मुलं चुळबुळायला लागतात.

छडी कायद्याने गेली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. उरला तो आवाज. चाळीस पोरांसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे दुसरं हत्यार तरी कोणतं, असं आपल्याला सहज वाटतं. पण हा आवाज हवेत, कानात आणि पोरांच्या डोक्यात नेमकं काय करतो ते पाहायला लागलं की थक्क व्हायला होतं. तो जवळपास प्रत्येक ठिकाणी आपल्या हेतूच्या उलट काम करतो.

एत्येन लोंबार हे पॅरिसमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर. माणूस बोलत असताना त्याच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज आपोआप चढतो आणि गोंगाट थांबवला की आपोआप उतरतो, असं निरीक्षण त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्यांना पकडायला ही युक्ती फार कामाला आली. कानात गोंगाट सोडा. आवाज चढला की सोंग उघडं पडलं, कारण ज्याला खरंच ऐकू येत नाही तो आपल्या त्याच पट्टीत बोलत राहतो. पुढे हाच प्रकार पक्ष्यांमध्ये सापडला, माकडांमध्ये सापडला, जहाजांच्या घरघरीत एकमेकांना साद घालणाऱ्या देवमाशांमध्येही सापडला. इतक्या जुन्या, इतक्या खोलवरच्या यंत्रणेला ‘शिस्त पाळा’ असं सांगून काय होणार?

लग्नाच्या मांडवात कोणीही मुद्दाम ओरडत नसतं. शेजारच्याला ऐकू जावं म्हणून प्रत्येकजण एक पायरी वर चढतो, त्यामुळे शेजारचाही चढतो, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे घसे बसतात. चाळीस मुलांच्या वर्गात हेच होतं. आता त्यात गुरुजींचं ‘गप्प बसा’ मिसळून बघा. मागच्या बाकावर कालच्या मॅचबद्दल बोलणाऱ्या दोघांच्या दृष्टीने ती सूचना नसतेच. तो पार्श्वभूमीचा गोंगाट असतो. त्या गोंगाटावर मात करून एकमेकांना ऐकू जावं म्हणून त्यांचा आवाज, त्यांच्याही नकळत, आणखी चढतो.

आणि हे यंत्र दोन्ही दिशांना चालतं. खोलीतला सगळ्यात मोठा आवाज खाली आला की बाकीच्यांनाही चढून बोलायची गरज उरत नाही. अनुभवी शिक्षक गलका वाढला की आवाज उतरवतात, त्यामागे ही शतकभर जुनी कानाची विद्या आहे. अर्थात पत्र्याच्या छपरावर आषाढातली सर कोसळते तेव्हा यातलं काहीएक चालत नाही. तेव्हा शहाणा शिक्षक खडू उचलतो.

ओरडण्याने निदान शब्द तरी नीट पोचतात का? तिथेही निराशा. माणूस ओरडतो तेव्हा ताकद स्वरांना मिळते. आ, ओ, ए लांबतात, फुगतात. व्यंजनं त्या मानाने मागेच राहतात. आणि बोलण्याचा अर्थ बराचसा व्यंजनांवर उभा असतो. ‘बसा’ आणि ‘हसा’ यांत फरक आहे तो एवढाशा ‘ब’चा. खूप जोरात ओरडलेलं बोलणं कमी समजतं, हे १९५०च्या दशकातच मोजून झालं आहे. त्यात गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची लहान मुलांच्या कानांची आणि मेंदूची क्षमता मोठ्यांइतकी तयार नसते. ती थेट पौगंडावस्थेपर्यंत पक्की होत राहते. मोठ्या माणसाला ज्या खोलीत ‘चालतंय’ वाटतं, त्याच खोलीत सात वर्षांच्या मुलाच्या हाती अर्धी वाक्यं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलं होतं की वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि खोलीत आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आसपास असावा. सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी आणि डोक्यावर स्लॅब असलेली कोणतीही वर्गखोली आठवून पाहा. तिथे एक ओरडा दिला की तो पुढच्या दोन शब्दांवर बसलेला असतो.

मग मेंदूचं काय? २०१५ मध्ये काही संशोधकांनी किंकाळीचं पृथक्करण केलं. किंकाळीत एक खरखर असते, आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा थरथरते. नेहमीच्या बोलण्यात हा पट्टा जवळजवळ रिकामा असतो, जणू धोक्याच्या घंटेसाठी राखून ठेवलेला. धोका हुंगणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, या खरखरीनेच जागा होतो. संतापून फाटलेला आवाज त्या राखीव पट्ट्याकडे सरकू लागतो. मूल दचकून वर पाहतं आणि आपल्याला वाटतं, लक्ष दिलं. लक्ष दिलेलं असतं खरं, पण धोका कुठे आहे हे शोधायला. अपूर्णांकांची बेरीज त्या यादीत फार खाली असते.

भौतिकशास्त्र मात्र शिक्षकाच्या बाजूने आहे. फक्त ते घशापेक्षा पायांना जास्त मदत करतं. अंतर निम्मं झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. मुलापासून चार मीटरवर उभा असलेला शिक्षक चालत एक मीटरवर आला, तर त्या मुलापुरता त्याचा आवाज १२ डेसिबलने मोठा झाला. साध्या बोलण्यातून चांगल्या चढ्या आवाजात जायला साधारण तेवढीच वाढ लागते. स्वरयंत्रावर शून्य खर्च. ओरडण्याचा खर्च मात्र काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत हजाराहून अधिक शिक्षकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक ५७.७ टक्के निघाले. इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण २८.८ टक्के होतं.

जवळ जाऊन हळू बोलण्याचा परिणाम मोजणारा एक जुना प्रयोग मला फार आवडतो, कारण तो पोरखेळाइतका सरळ आहे. १९७० मध्ये डॅनियल ओ’लिअरी आणि सहकाऱ्यांनी पाच वर्ग निवडले, प्रत्येकातली दोन सगळ्यात वात्रट मुलं हेरली आणि चार महिने नोंदी ठेवल्या. सुरुवातीला दिसलं की शिक्षकांचं जवळजवळ प्रत्येक रागावणं आसपासच्या बऱ्याच मुलांना ऐकू जाईल असं असतं. मग शिक्षकांना सांगितलं, रागवा, पण फक्त त्या मुलालाच ऐकू जाईल इतक्या हळू. बहुतेक मुलांचा दंगा कमी झाला. पुन्हा मोठ्याने रागवायला सांगितलं, दंगा वाढला. पुन्हा हळू, पुन्हा उतरला. दहाच मुलं होती, म्हणून यावरून सृष्टीचे नियम मांडायला नकोत. पण शब्द तेच, मूल तेच, शिक्षक तेच, आणि बदलला तो श्रोतृवर्ग. मोठ्याने रागावलं की ते नाटक होतं आणि त्या मुलाला प्रेक्षक मिळतात. कानाशी बोललं की त्याला इभ्रत सांभाळण्यासाठी काही करून दाखवावं लागत नाही.

इथवर आलं की वाटतं, योग्य प्रकारे कसं रागवायचं हे सापडलं. जेकब कूनिन यांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. कूनिन डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. एकदा तासाला मागे बसलेला एक विद्यार्थी उघड वर्तमानपत्र वाचताना त्यांना दिसला. तास मानसिक आरोग्याचा होता, तरी कूनिन त्याच्यावर चांगलेच घसरले. लगेच बाकीच्या मुलांच्याही नजरा वह्यांकडे वळल्या, कुजबुज थांबली. आपण एकालाच बोललो, मग न बोललेले का बदलले? या प्रश्नामागे ते वर्षानुवर्षं लागले. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत अभ्यास झाले. बालवाडीत दिसलं की एकाला कठोरपणे दटावलं तर बघणारी मुलं जास्त शहाणी होत नाहीत, जास्त अस्वस्थ होतात. मग त्यांनी वर्गांच्या चित्रफिती काढल्या आणि शिक्षकाच्या प्रत्येक रागावण्याची छाननी केली. किती स्पष्ट होतं? किती ठाम होतं? किती जोरात होतं? आणि त्या वर्गातली मुलं एकंदरीत किती नीट वागत होती?

काहीच संबंध सापडला नाही. शांत वर्गाचे शिक्षक आणि बेबंद वर्गाचे शिक्षक जवळपास सारख्याच तऱ्हेने रागावत होते.

इतक्या वर्षांच्या कामाचं हे फळ पाहून एखाद्याने विषय सोडला असता. कूनिन यांनी त्याच चित्रफिती दुसऱ्या नजरेने पाहिल्या. दंगा झाल्यावर शिक्षक काय करतात हे सोडून, दंगा नसताना काय करतात हे. आणि तिथे खजिना निघाला. १९७० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं.

पहिली गोष्ट, ‘बाईंना पाठीलाही डोळे आहेत’ असं वर्गाला वाटणं. ते धाकाने वाटत नाही, अचूकतेने वाटतं. कुजबुज सुरू करणारे दोघं निसटले आणि शेवटी हसलेला तिसरा सापडला, की बाईंना काही दिसत नाही हे अख्ख्या वर्गाला कळतं. कुजबुज पाच जणांत पसरल्यावर बाई जाग्या झाल्या, तरी कळतं. कूनिन यांनी या दोन चुका मोजल्या, चुकीचं मूल आणि चुकलेली वेळ, आणि त्यांचा वर्गाच्या वागण्याशी संबंध स्पष्ट निघाला. अलीकडे शिक्षकांच्या डोळ्यांवर नजरेचा माग घेणारी यंत्रं बसवून पाहिलं तेव्हा नवख्यांची नजर एकेका ठिकाणी अडकून पडताना दिसली. मुरलेल्यांची नजर सगळ्या वर्गावरून सारखी फिरत होती.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की हसू येतं. प्रश्न आधी, नाव नंतर. ‘सुनील, सतरा आठे किती?’ म्हटलं की सुनील सोडून सगळा वर्ग सुट्टीवर. ‘सतरा आठे किती…’ म्हणून नजर फिरवली आणि मग सुनीलचं नाव घेतलं, तर तेवढा वेळ प्रत्येकजण सुनील असतो.

आणि तिसरी गोष्ट सांधे. गलका बहुधा धड्याच्या पोटात जन्मत नाही, दोन कामांच्या फटीत जन्मतो. गणिताची वही ठेवा, मराठीचं पुस्तक काढा, पान बेचाळीस… आणि अर्ध्या मुलांनी पुस्तकं काढल्यावर, ‘बरं, गणितं सगळी कोणाकोणाची बरोबर आली?’ संपलं! किंवा खाली पडलेला एक कागद दिसला आणि चाळीस जणांचा धडा थांबवून त्या कागदाचं कूळ शोधत बसणं. कूनिन यांच्या चित्रफितींत असे शिक्षक ढिगाने होते. माझं मत विचाराल तर शिस्तीवरची शंभर व्याख्यानं बाजूला ठेवून डी.एड.च्या मुलांना महिनाभर फक्त या फटी मोजायला लावाव्यात.

फटीचंच आणखी एक रूप म्हणजे शांतता. २००९ मध्ये जगभरच्या दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या गेल्या. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी अंतर सेकंदाचा साधारण पाचवा भाग निघालं. इतक्याशा फटीची सवय असलेल्या प्राण्याला सेकंदभराची शांतता लांबलचक वाटणारच. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा कळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं कित्येक पटींनी लांबली, कधी न बोलणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. हे अपेक्षित म्हणू. पण वर्गात दटावण्याचे प्रसंगही कमी झाले. दोन सेकंदांच्या बदल्यात!

शिक्षक वाक्याच्या मध्येच थांबला की मुलं मान वर करतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. २०१० मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत दिसलं की आवाज सुरू झाल्याची वर्दी आणि आवाज थांबल्याची वर्दी वेगवेगळ्या जोडण्यांवरून येते. म्हणजे थांबणं ही मेंदूच्या लेखी नुसती उणीव नाही, ती स्वतंत्र घटना आहे. तिच्यासाठी वेगळी तार ओढलेली आहे. ओरडणारा शिक्षक ती तार कधी वापरतच नाही.

शांततेचा खेळ करून पाहणारी सगळ्यात प्रसिद्ध व्यक्ती मारिया माँटेसरी. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं बालगृह सुरू झालं. एकदा त्या चार महिन्यांचं बाळ घेऊन वर्गात आल्या आणि सहज म्हणाल्या की हे किती शांत आहे बघा, तुमच्यापैकी कोणालाही असं जमणार नाही. मुलांनी ते आव्हानच मानलं. पाय हलेना, श्वास ऐकू येईना. पुढे याचा खेळ झाला. माँटेसरी पलीकडच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत, आणि ज्याचं नाव आलं ते मूल खुर्चीचा आवाजही न करता उठून येई.

आता याची दुसरी बाजू. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी माँटेसरींच्या विचाराने गुजरातेत बालशिक्षण उभं केलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डीला, नंतर कोसबाडला त्यांनी ते काम मराठी मुलखात रुजवलं. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात मोठ्या उत्साहाने हा शांततेचा खेळ करायला जातो आणि त्याची पुरती फजिती होते. पोरं टाळ्या वाजवतात, चित्रविचित्र आवाज काढतात, खिदळतात. दुसऱ्या दिवशी तो खेळ-बिळ सोडून गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग आपोआप गप्प होतो. हळू बोलण्याची सगळी विद्या इथे येऊन टेकते. ऐकावंसं काही असेल तरच हळू आवाजाकडे कान वळतात, नाहीतर हळू बोलणारा शिक्षक गोंगाटात नुसता बुडतो.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चालणारी पावसाची टाळी हा याच जातीचा खेळ आहे, आणि तो कोणी शोधला याची कुठे पाटी नाही. एका बोटाने तळहातावर टकटक, मग दोन बोटं, तीन, चार, पाचही, मुसळधार. मग पाचावरून चार, तीन, दोन, एक, आणि पाऊस थांबला. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’मध्ये मुलाला काहीच न करण्याचं काम दिलेलं असतं, आणि ते सगळ्यात अवघड काम. पावसाच्या टाळीत हात गुंतलेले, कान शेजारच्याकडे, आणि चाळीस आवाजांचा एकच आवाज होऊन तो ठरलेल्या वाटेने खाली उतरतो.

कॅन्सस राज्यातल्या बाल्डविन सिटीत १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गाने यापुढचा खेळ खेळला. बाईंनी वर्गाचे दोन संघ केले. कोणी न विचारता बोललं किंवा उठलं की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण. कमी खुणांचा संघ जिंकला, आणि ठरलेल्या आकड्याच्या आत राहिले तर दोघंही जिंकले. बक्षीस काय, तर जेवणाच्या रांगेत पहिला नंबर आणि थोडा मोकळा वेळ. गणिताच्या तासाला आधी ९६ टक्के मिनिटांमध्ये कोणी ना कोणी मध्येच बोलत होतं. खेळ सुरू झाल्यावर १९ टक्के. जागेवरून उठणं ८२वरून ९ टक्क्यांवर आलं. फळ्यावरच्या खुणा तर आपल्या मॉनिटरच्याही असतात. फरक एवढाच की इथे खूण संघाची होती, त्यामुळे हिरो होण्याची सोय गेली. तरी दोन मुलं सारख्या खुणा ओढवून घेत होती आणि एकाने तर सरळ जाहीर केलं, मी हा खेळ खेळणार नाही. शेवटी त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागला, संघाला भुर्दंड नको म्हणून.

१९८५च्या सुमारास बाल्टिमोरच्या सरकारी शाळांत शेपर्ड केलम आणि सहकाऱ्यांनी पहिलीच्या काही वर्गांत हाच खेळ सुरू केला, काही वर्गांत नाही, आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. ज्या मुलग्यांच्या वर्गात खेळ झाला होता त्यांच्यात पुढे व्यसनांचं प्रमाण कमी निघालं. सगळ्यात जास्त फायदा झालेली मुलं होती ती पहिलीत सर्वांत आडदांड, मारामारी करणारी म्हणून नोंदलेली. बाल्डविन सिटीत ‘खेळणार नाही’ म्हणाली असती, तशी.